अक्कांचा उलट प्रश्न

दर रविवारी सकाळी दहा ते बारा, सोलापुरातल्या एका वाचनालयाच्या माडीवर मी इंग्रजी बोलायचा वर्ग घेते. फी नाही, परीक्षा नाही. येणारे बहुतेक पन्नाशीपुढचे आणि त्यातही बायकाच जास्त. मुलगा किंवा लेक शिकून पुण्याला गेली, तिथून कंपनीनं परदेशी धाडलं आणि आता ‘आई, तू ये’ असा फोन आलेला. का चाललात म्हणून विचारलं की बहुतेकींचं उत्तर एका शब्दात येतं: बाळंतपण.

हे टिपण त्यांतल्या एकीचं. गल्लीतले लहानथोर त्यांना अक्का म्हणतात, म्हणून इथंही अक्काच. त्यांना विचारून लिहितेय आणि ओळख पटेल असे तपशील गाळलेत. अक्का सहा महिने अमेरिकेत लेकीकडे राहिल्या. तिथल्या सार्वजनिक वाचनालयात, परदेशातून नव्यानं आलेल्यांना इंग्रजी बोलता यावं आणि चार ओळखी व्हाव्यात म्हणून एक उपक्रम चालतो. त्यात त्या जात होत्या. तिथून मला मोबाइलवर बोलून निरोप पाठवायच्या. परतल्यावर ते सगळे निरोप मी पुन्हा ऐकले आणि वहीत उतरवून काढले. उतरवताना कळलं की त्यांच्या अडचणीचं अर्धं मूळ माझ्याच वर्गात होतं.

जाण्यापूर्वी

अक्का तेव्हा एकोणसाठ वर्षांच्या. घरी तेलुगू, गल्लीत मराठी, पलीकडच्या पेठेत कानडी कळण्यापुरती. शाळा दहावीपर्यंत, मराठी माध्यमातून. घर पूर्व भागात, खालच्या मजल्यावर माग. लग्न होऊन आल्यापासून कांड्या भरणं, तार तुटली की जोडणं, चादरी मोजून घड्या घालणं हे सगळं केलेलं. मागाच्या खडखडाटात मोठ्यानं बोलायची सवय लागली ती कायमची. मामांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, माग सोडून जाणं शक्य नव्हतं. त्यामुळे त्या एकट्याच निघाल्या.

माझ्या वर्गात त्या तीन महिने आल्या. प्रामाणिकपणे सांगते, वर्गातली सर्वांत चांगली विद्यार्थिनी. ‘माय नेम इज’पासून ‘आय ॲम फ्रॉम सोलापूर, इट इज फेमस फॉर चादर’पर्यंत सगळं पाठ. विमानतळावर काय विचारतील, दुकानात काय विचारतील, डॉक्टर काय विचारतील, असे साठेक प्रश्न आणि त्यांची उत्तरं आम्ही घोटून घेतली होती. व्हिसाची मुलाखत मुंबईला मराठीतूनच झाली. इंग्रजीचा पहिला खरा प्रसंग शिकागोच्या विमानतळावर आला. का आलात, किती दिवस राहणार, कोणाकडे, ही तिन्ही उत्तरं अक्कांनी खणखणीत दिली. त्या रात्रीच्या निरोपात स्वतःवर खूश झालेला आवाज आहे: “बाई, तुमचंच सगळं विचारला बघा त्यानं!”

मीही खूश झाले होते.

दोघी परक्या

लेक राहते ते गाव शिकागोपासून गाडीनं तीनेक तासांवर, विद्यापीठाचं. जावई एच-वन-बी व्हिसावर नोकरीला, लेक त्याच्यामागे एच-फोरवर. या व्हिसावरच्या जोडीदाराला सरसकट नोकरी करता येत नाही. २०१५ पासून काही जणांना परवाना मिळू लागला, पण त्यासाठी नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं काम ठरावीक टप्प्यापर्यंत पोचावं लागतं. त्यांचं पोचलं नव्हतं. म्हणजे पुण्यात चांगल्या पगारावर काम करणारी, फोनवर परदेशी ग्राहकांशी फाडफाड बोलणारी इंजिनीअर मुलगी दोन वर्षं घरात बसून होती.

इथं जरा थांबते, कारण या प्रकरणात मला सर्वांत जास्त शिकवलं ते या गोष्टीनं. लेकीच्या इंग्रजीत काडीची उणीव नव्हती. तरी दोन वर्षांत तिच्या ओळखी किती? दिवाळीला भेटणारी तीन भारतीय कुटुंबं. शेजारीण दिसली की ‘हाय’, आणि दार बंद. आपल्याकडे एक समजूत पक्की आहे: परदेशात माणूस एकटा पडतो तो भाषा येत नाही म्हणून, भाषा आली की माणसं आपोआप जोडली जातात. मीही त्याच समजुतीवर वर्ग चालवत होते. त्या एका घरात मात्र इंग्रजी न येणारी आई आणि इंग्रजी उत्तम येणारी लेक अशा दोघी होत्या, आणि दोघी सारख्याच एकट्या.

वाचनालयातल्या उपक्रमाचा कागद लेकीनं वर्षभरापूर्वी फ्रिजवर चिकटवून ठेवला होता. ‘माझं इंग्रजी चांगलं आहे, मी तिथं जाऊन काय करू,’ म्हणून कधी गेली नाही.

उपक्रम कसा चालतो

अमेरिकेत असे उपक्रम गावोगावी आहेत आणि ते आजचे नाहीत. शिकागोत जेन ॲडम्स आणि एलन स्टार यांनी १८८९ मध्ये ‘हल हाउस’ ही समाजसेवेची संस्था उघडली, तेव्हापासून परदेशातून आलेल्या कामगारांना संध्याकाळी इंग्रजी शिकवण्याचा तिथं रिवाज आहे. आता हे काम बरंचसं सार्वजनिक वाचनालयं, चर्च आणि विद्यापीठांभोवतीच्या स्वयंसेवी मंडळींकडे असतं. वाचनालयांचा खर्च मुख्यतः स्थानिक करांतून निघतो, त्यामुळे येणाऱ्याला काही पडत नाही.

या गावात मंगळवारी सकाळी दोन तास ‘गप्पांचं टेबल’ असायचं. नाव नोंदवायची सक्ती नाही, पातळी ठरवायची परीक्षा नाही, कधीही या, कधीही जा. टेबलाशी आठ-दहा जण: संशोधकाची कोरियन बायको, एक युक्रेनी बाई, हॉटेलात काम करणारा मेक्सिकन तरुण आणि नातवंडं सांभाळायला आलेले चिनी आजी-आजोबा. हे शेवटचं ऐकून मला हसू आलं. सोलापूर असो की चीन, नातू झाला की आजीचं तिकीट निघतंच. टेबलाच्या दोन्ही टोकांना गावातले निवृत्त स्वयंसेवक, बोलतं करायला.

अक्का पोचल्या ऑक्टोबरात. या टेबलापर्यंत मात्र डिसेंबरात गेल्या. नातू नोव्हेंबरात झाला, सिझेरियन करावं लागलं, हे एक कारण. दुसरं कारण जावयाची धास्ती: पाहुण्याच्या व्हिसावर आलेल्या माणसानं वर्गाला बसलेलं चालतं का? उगीच सासूबाईंच्या पुढच्या व्हिसाला नाट लागायचा. त्यात तीन आठवडे गेले. चालतं, हे शेवटी त्यालाच सापडलं. पदवीसाठी न धरला जाणारा, छंदापुरता छोटा वर्ग बी-टू, म्हणजे पाहुण्याच्या, व्हिसावर करता येतो, तसं तिथल्या परराष्ट्र खात्यानंच लिहून ठेवलंय. आता मी वर्गात हे पहिल्याच रविवारी सांगते.

तिसरं कारण सर्वांत साधं आणि सर्वांत मोठं. जायचं कसं? बस तासाला एक, थांबा दूर, बाहेर बर्फ. लेकीला डॉक्टरांनी काही आठवडे गाडी चालवू नको म्हणून सांगितलेलं. मंगळवारी जावयाची मीटिंग. असल्या उपक्रमांचं कौतुक करताना ही बाब कोणी मोजत नाही. चार महिन्यांत अक्का मंगळवारच्या टेबलाला जेमतेम नऊ वेळा पोचल्या.

पहिले चार मंगळवार

पहिल्या मंगळवारनंतरचा निरोप मी अनेकदा ऐकलाय. “बाई, सगळे विचारलालेत. मी सांगलाले. मग गप. मग ते दुसरीकडं वळलालेत.”

दुसऱ्या मंगळवारी तेच. तिसऱ्यालाही. उत्तरं बरोबर होती. ‘व्हेअर आर यू फ्रॉम?’ ‘आय ॲम फ्रॉम सोलापूर.’ ‘डू यू लाइक द स्नो?’ ‘येस, आय लाइक स्नो.’ आणि मग शांतता. समोरचा हसून शेजारच्या युक्रेनी बाईकडे वळतो.

यावर मी काय केलं? भाज्यांची पन्नास इंग्रजी नावं लिहून पाठवली. शब्द कमी पडत असतील असं मला वाटलं. आजही त्या यादीची आठवण झाली की कानकोंडं व्हायला होतं. अमेरिकेतल्या बर्फात बसलेल्या बाईला मी पडवळाचं इंग्रजी नाव कळवत होते.

खरी गोष्ट कळायला चौथा निरोप लागला. त्यात अक्का सहज बोलून गेल्या, “मी काय विचारू त्यांना, बाई? तुम्ही विचारायचं शिकवलंच नाही की.”

खरंच नव्हतं शिकवलं. साठ प्रश्न घोटून घेतले, पण सगळे दुसऱ्याच्या तोंडचे. अक्कांच्या तोंडी फक्त उत्तरं. आणि हा माझ्या एकटीचा दोष म्हणावा तर आमची सगळी शाळाच तशी. दहा वर्षं आपण ‘खालील प्रश्नांची उत्तरे लिहा’ हेच करतो. प्रश्न छापून येतो. तो स्वतः तयार करायचा असतो, हे कोणी सांगतच नाही.

शिवाय इंग्रजीत विचारणं हे उत्तर देण्यापेक्षा मुळातच अवघड. मराठीत ‘तुम्ही चहा घेतला’ या वाक्याला शेवटी ‘का’ लावलं की प्रश्न तयार. वाक्य जागचं हलत नाही. अक्कांच्या तेलुगूत तर त्याहून सोपं: ‘वच्चाडु’ म्हणजे तो आला, शेवटचा स्वर बदलून ‘वच्चाडा’ म्हटलं की ‘तो आला का?’ त्यांच्या दोन्ही भाषांत प्रश्न शेपटाकडून होतो. इंग्रजीत तो तोंडाकडून सुरू करावा लागतो. ‘डू’ की ‘डिड’ हे आधी ठरवा, ते पुढे आणा, मग क्रियापदाचं रूप सांभाळा. एवढं जुळवेपर्यंत समोरचा उठून कॉफी आणायला गेलेला असतो.

त्यावर आणखी एक कुलूप होतं, लेकीनं घातलेलं. “अम्मा, तिथं कोणाला वय विचारायचं नाही. पगार विचारायचा नाही. लग्न झालंय का, मुलं किती, घर स्वतःचं का, काही विचारायचं नाही.” सोलापुरात पहिल्या पाच मिनिटांत आपण हेच तर विचारतो आणि त्यात आपुलकी असते. ‘जेवलात का?’ हा आपल्याकडे नमस्कार आहे. ही सगळी यादी वजा केल्यावर उरलं काय? अक्कांनीही वैतागून तेच विचारलं होतं: “मग काय विचारायचं, ऊन पडलंय का म्हणून?”

हो, तिथं अगदी तेच विचारतात. पण हे आम्हा कोणाला सांगायचं सुचलं नाही.

लोकरीचं टेबल

जानेवारीच्या पहिल्या शनिवारी लेक बाळाला घेऊन वाचनालयात गेली. तिथं शनिवारी तान्ह्या मुलांसाठी गोष्टी असतात. शेजारच्या खोलीत विणकाम करणाऱ्या बायका बसल्या होत्या. हा वेगळा गट, इंग्रजी शिकवण्याशी त्याचा काही संबंध नाही. दार उघडं होतं. सुताचं काही चाललंय म्हटल्यावर अक्का आत गेल्या आणि कडेला बसल्या.

एका म्हाताऱ्या बाईंची लोकर तुटली. त्या दोन टोकं घेऊन साधी गाठ मारू लागल्या. अक्कांना राहवलं नाही. हात पुढे करून त्यांनी टोकं घेतली. मी त्यांना माझ्यासमोर ही गाठ पुन्हा मारायला लावली, कारण मला ती डोळ्यांनी दिसतच नव्हती. दोन टोकांची फुली, फुलीवर डावा अंगठा. उजव्या हातानं एका धाग्याचा वेढा अंगठ्यावरून मागं, दुसरं टोक त्या फासात, ओढ. दोन सेकंद. उरलेली टोकं दातांनी तोडून टाकायची. मागावर दिवसाकाठी किती वेळा ही गाठ मारली असेल, हिशेब नाही. गाठ इतकी बारीक की चादरीत हाताला लागत नाही.

म्हातारीनं लोकर बोटांत फिरवून पाहिली. मग स्वतःच कात्रीनं आणखी एक जागा कापली आणि अक्कांपुढे धरली: पुन्हा करा. सगळ्या जणी उठून भोवती जमल्या. अक्का ‘स्लो, स्लो’ म्हणत एकेकीचा अंगठा धरून दाखवू लागल्या. सोलापूर सोडल्यापासून पहिल्यांदा त्या कोणाला काही शिकवत होत्या.

तासाभरानं, विणता विणता, अक्कांनी त्या म्हातारीला विचारलं: “यू अलोन?”

दारात बाळाला घेऊन उभ्या लेकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. यादीतलं सगळं एका प्रश्नात आलं होतं. शिवाय व्याकरण चुकलेलं, क्रियापद गायब. म्हातारीनं सुया खाली ठेवल्या. मग दहा मिनिटं बोलत राहिली. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला, एवढं अक्कांना उमगलं. बाकीचं? “चार आणे कळलं, बाई. बारा आणे तोंडाकडं बघून.”

त्यानंतर एकही शनिवार चुकला नाही. शनिवारी जावयाला सुट्टी असायची, हेही विसरून चालणार नाही.

तास मोजले तर

कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ओळखीचा माणूस साधा मित्र व्हायला एकमेकांच्या सहवासात साधारण पन्नास तास लागतात, मित्र म्हणावा इतका व्हायला नव्वदच्या आसपास, आणि जिवलग व्हायला दोनशेच्या वर. हे आकडे अमेरिकेतले, तेही नव्या गावी गेलेल्या प्रौढांचे आणि विद्यार्थ्यांचे. सोलापूरला ते जसेच्या तसे लावू नयेत. पण हिशेबापुरते घेऊ.

मंगळवारचं टेबल दोन तासांचं. अक्का गेल्या नऊ वेळा, म्हणजे अठरा तास. ते दहा जणांत वाटलेले, आणि दर वेळी निम्मे चेहरे नवे, कारण कधीही या, कधीही जा. हे उघडं दारच या उपक्रमाचं मोठेपण आहे. नव्या माणसाला संकोच वाटत नाही. पण त्याच दारानं कालची ओळखीची माणसंही निघून जातात. शनिवारी मात्र त्याच सात जणी, त्याच खुर्च्या, तीन-तीन तास. एप्रिलपर्यंत पंधरा शनिवार झाले. म्हणजे पंचेचाळीस तास. पन्नासाच्या जवळपास तास तिथं कसलाही गाजावाजा न होता भरले, ज्या टेबलावर कोणी कोणाला इंग्रजी शिकवत नव्हतं.

सोलापूरकराला यात नवल वाटायचं कारण नाही. १८७७ साली इथं जुनी मिल उभी राहिली आणि कापडाच्या धंद्यामागं तेलंगणातून विणकर कुटुंबं येत गेली. ती मराठी कुठल्या वर्गात शिकली? मागावर, नळावर, बाजारात. अक्कांच्या आजेसासूबाई अशाच आल्या होत्या. आणि भैय्या चौकातलं स्मारक ज्यांचं आहे ते डॉ. द्वारकानाथ कोटणीस! १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, चिनी शिकले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं आणि १९४२ मध्ये तिथंच वारले. त्यांनाही जखमी माणसांवर उपचार करता करता चिनी यावी लागली असणार. हातात काम असलं की बोलणं अडखळलं तरी चालतं, मधली शांतता कोणाला खुपत नाही. गप्पांच्या टेबलावर शांतता हीच पंचाईत असते.

तिळगूळ

संक्रांत आली. इथं सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, आणि अक्का तिथं बर्फात. त्यांनी तिळगुळाचे लाडू वळले, तीळ आणि शेंगदाण्याचे, चाळीस. मंगळवारी माणसं जास्त, म्हणून डबा गप्पांच्या टेबलावर नेला. वाक्यही लेकीकडून करून घेतलं होतं.

डबा उघडला आणि वाचनालयातल्या बाई लगबगीनं आल्या. आत काय काय आहे? अक्कांनी अभिमानानं सांगितलं: सेसमी, पीनट. बाईंनी अतिशय हसतमुखानं, दहा वेळा सॉरी म्हणत, डब्याचं झाकण लावलं आणि डबा अक्कांच्या पिशवीत परत ठेवला.

तिथल्या अन्न प्रशासनाच्या यादीत ॲलर्जीचे नऊ मुख्य पदार्थ आहेत. शेंगदाणा त्यात आधीपासून आहे, तीळ २०२३ पासून आला. शेंगदाण्याची ॲलर्जी काहींना इतकी तीव्र असते की श्वास कोंडून जीवावर बेतू शकतं. बाईंचं काही चुकलं नव्हतं. पण हे सगळं अक्कांना घरी गेल्यावर कळलं. त्या क्षणी कळलं ते एवढंच, की सणाचा तिळगूळ कोणी हातात घेतला नाही. “शेंगदाण्यानं माणूस मरतो म्हणे! मग आमच्या सोलापुरात एक तरी जिवंत ऱ्हायला असता का?” हे आज त्या हसत सांगतात. त्या दिवशीच्या निरोपात त्या रडतायत.

त्यांनी ठरवलं होतं, पुन्हा जायचं नाही. शनिवारी लेकीनं बळेबळे नेलं. झाला प्रकार लेकीनं म्हातारीला सांगितला. ती उठली, कोट चढवला, अक्कांना हाताला धरून बाहेर गाडीतळावर घेऊन गेली आणि आपल्या गाडीचं दार उघडून दोघी आत बसल्या. मग हात पुढे केला. अक्कांनी लाडू ठेवला आणि पाठ केलेलं वाक्य नेमक्या वेळी विसरल्या. म्हणाल्या, “टेक. स्वीट टॉक.”

म्हातारी पोट धरून हसली. इंग्रजीत ‘स्वीट टॉक’ म्हणजे काम काढून घेण्यासाठी केलेली लाडीगोडी, हे लेकीनं नंतर समजावलं. त्या दिवसापासून म्हातारी अक्कांना भेटली की आधी ‘स्वीट टॉक’ म्हणायची. दोघींचं ते परवलीचं झालं.

पदरात काय पडलं

अक्का परतल्यावर मी जुनेच साठ प्रश्न पुन्हा विचारले. प्रगती म्हणावी तर मामुली. भूतकाळ अजून येत नाही, ‘यस्टरडे आय गो’ चालूच आहे. पण फोन वाजला की लेकीकडे न देता स्वतः उचलायला लागल्या होत्या, आणि दुकानात ‘व्हेअर इज’ न घाबरता विचारत होत्या. म्हातारीशी सुरुवातीला दर रविवारी व्हिडिओवर बोलणं व्हायचं. आता महिन्यातून एकदा, कधी तेही नाही. समोर लोकर नसली की दोघींना बोलायला फारसं काही सुचत नाही, असं अक्काच सांगतात, आणि त्यात त्यांना दुःख वाटत नाही.

खरा फरक पडला लेकीत, जिच्यासाठी हा उपक्रम नाहीच असं तिला वाटत होतं. आईला न्यायचं म्हणून तीही शनिवारी तिथं असायची. गोष्टींच्या खोलीत बाळं घेऊन येणाऱ्या दोन आया ओळखीच्या झाल्या. अक्का परत आल्या तरी ती जाते. म्हातारी गुरुवारी तिच्याकडे येते, बाळाला घेते, आणि लेक तासभर झोपते.

माझ्या वर्गात मी तीन गोष्टी बदलल्या. पहिली, उलट प्रश्नाचा नियम. उत्तर दिलं की समोरच्याला विचारल्याशिवाय सुटका नाही. काही सुचलं नाही तर ‘अँड यू?’ हे दोन शब्द पुरतात, त्यांत ‘डू’ नाही नि ‘डिड’ नाही. दुसरी, ऊन-पाऊस, बाळाची झोप, आजचा स्वयंपाक असले निरुपद्रवी विषय, आणि सोबत नऊ पदार्थांची यादी. तिसरी, हाताला काम. मेथी निवडा, लोकर विणा, शेंगा फोडा, पण तोंडानं इंग्रजी. यावर वाचनालयाच्या शिपाईमामांनी टरफलांवरून एकदा चांगलंच सुनावलं. दोन निवृत्त गृहस्थ ‘आम्ही भाजी निवडायला आलो नाही’ म्हणून सोडून गेले. एक परतला, पण मेथीला हात लावत नाही, फक्त शेंगा खातो. पुरुषांच्या हाताला काय द्यावं हे मला अजून सुचलेलं नाही.

आणि तिकडच्या मुलांना फोनवर मी एकच सांगते: आईचं तिकीट काढण्याआधी तिला आठवड्यातून एकदा कोण, कुठल्या वारी, कुठं सोडणार ते ठरवा. बाकीचं तिचं ती बघेल.

अक्का आता रविवारी येतात, शिकायला नव्हे, समोर बसायला. मागच्या रविवारी जूनमध्ये जर्मनीला निघालेल्या एक बाई पहिल्यांदा आल्या होत्या. अक्कांनी विचारलं, “हाउ मेनी चिल्ड्रन?” त्या ताठ बसून म्हणाल्या, “आय हॅव टू सन्स.” आणि गप्प झाल्या. अक्काही गप्प. एक शेंग फोडली, दाणे बाईंच्या पुढ्यात ठेवले. दुसरी फोडली. मी बोलणार होते, अक्कांनी डोळ्यांनीच थांबवलं. तिसऱ्या शेंगेला बाई चाचरत म्हणाल्या, “अँड... यू?”

“वन डॉटर,” अक्का म्हणाल्या, आणि लगेच टरफलं बाजूला सारून, “यू गोइंग अलोन?”